कळपातच वाढणारा राखणदार

मेंढरे हाकणारा कुत्रा आणि मेंढरे राखणारा कुत्रा यांची गल्लत नेहमी होते. ब्रिटनमधला बॉर्डर कोली मेंढरांवर नजर रोखतो, दबा धरतो, पाठलाग करतो. ही शिकाऱ्याचीच चाल असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून माणसाने तिच्यातला शेवटचा चावा तेवढा वजा केला आहे. राखणीच्या जातींत ही चाल मुळातच मंद असते. समोर मेंढरू पळाले तरी मागे धावावेसे न वाटणे, हा या कुत्र्याचा पहिला गुण. तुर्कस्तानच्या सिवास प्रांतातला कंगाल, इटलीतला मारेम्मा, हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांचे केसाळ कुत्रे ही सगळी याच कामाची मंडळी. कंगाल नर खांद्यापाशी पाऊण मीटर उंच आणि वजनाने ५०-६० किलोंचा. लांडग्याचे दात मानेत रुतू नयेत म्हणून त्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. गद्दी कुत्र्यांना तो बिबट्यापासून वाचवतो.

प्रत्यक्ष झुंज मात्र क्वचितच होते. कुत्रा भुंकतो, मूत्राने हद्द आखतो, कळप आणि धोका यांच्या मध्ये उभा राहतो, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते. रानातल्या शिकाऱ्याला जखम परवडत नाही. चित्त्याचे तर सारे पोट धावण्यावर. पाय दुखावला की उपासमार ठरलेली.

अशा कुत्र्याचे शिक्षण म्हणजे मुख्यतः तो कुठे वाढतो हे ठरवणे. पिल्लाचे साधारण तिसऱ्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंतचे वय कळीचे असते. या काळात ज्यांच्या सहवासात ते राहते, त्यांना ते आयुष्यभर आपले मानते. म्हणून आठ आठवड्यांच्या सुमारास त्याला वाड्यात, कोकरा-करडांमध्ये सोडतात. अंगावर धावून जाणारी आक्रमक मेंढी तेवढी बाजूला ठेवतात. मालकाने रोज हात फिरवावा, नाव घेऊन बोलवावे, दोरी बांधून चालवावे. लाडापोटी पिल्लू घरात झोपू लागले, तर पुढे ते कळप सोडून ओटाच राखत बसते.

खरी परीक्षा सहा महिन्यांनंतर सुरू होते. अंगाने घोडा झालेले हे पोर खेळाच्या भरात करडाचा कान चावते, कोकराला पळवते. तिथल्या तिथे दरडावले पाहिजे. तासाभराने केलेली शिक्षा त्याला कळत नाही. सवय जाईपर्यंत मोठ्या, ठाम मेंढ्यांत ठेवले, तर त्याच टक्कर देऊन त्याला रीत शिकवतात. भरवशाचे काम दीड-दोन वर्षांच्या वयानंतरच. अनेक मालकांचा धीर त्याआधीच सुटतो.

अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकापासून युरोप-तुर्कस्तानातून अशी पिल्ले आणून मेंढपाळांना दिली. कळपाकडे लक्ष, कळपाशी इमान आणि कळपाची राखण या तीन गोष्टींवर ते कुत्रा जोखत. नामिबियात लॉरी मार्कर यांच्या ‘चीता कॉन्झर्व्हेशन फंड’ने १९९४ पासून अनातोलियन आणि कंगाल पिल्ले शेतकऱ्यांना दिली. शेळ्या वाचल्या, तर शेतकरी चित्त्याला गोळी घालणार नाही, हे साधे गणित त्यामागे होते आणि ते बऱ्याच अंशी जमले. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आलेले आठ चित्ते याच नामिबियाचे. नामिबियातही कुत्रा देऊन काम संपत नाही: पोटभर खाणे, लसी, जंत-गोचिडांवर औषध यांचा पाठपुरावा करावा लागतो.

महाराष्ट्रातल्या धनगरांचा कळप रात्री जाळीच्या वाघरीत असतो आणि त्याभोवती त्यांचे सडपातळ गावठी कुत्रे. माळावरच्या लांडग्याशी गाठ आणि वर्षातले कित्येक महिने पायी भटकंती, अशा जगण्यात कंगालचे खाणे जड जाईल.

शहरी हौशीचे काय? या कुत्र्याला हुकूम समजतो; तो पाळायचा की नाही, हे तो स्वतः ठरवतो. माणसाला न विचारता निर्णय घेण्यासाठीच त्याची पैदास झालेली आहे. रात्रभर भुंकणे त्याच्या कामातच मोडते. कळप नसला की कुटुंब आणि आवार हाच त्याचा कळप होतो, आणि पार्सलवाला घुसखोर ठरतो. उंच, भक्कम कुंपण, लहानपणापासून परक्या माणसांची ओळख आणि मालकाचे रोजचे लक्ष नसेल, तर तो पाळणे शेजाऱ्यांवर अन्याय आहे. फ्लॅटमध्ये तर कुत्र्यावरही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींच्या विक्री-पैदाशीवर बंदी घालण्यास राज्यांना सांगितले, तेव्हा त्या यादीत कंगालही होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द केले.