स्वागतयात्रेतील रांगोळी (डोंबिवली)

गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेनिमित्त ठाणे जिल्ह्यातील डोंबिवली शहरात रस्त्यांवर आणि चौकांत मोठ्या आकाराच्या सामूहिक रांगोळ्या काढल्या जातात. अंगणातील रांगोळीपेक्षा ही कला भित्तिचित्राला अधिक जवळची आहे. ती उघड्यावर, पाहणाऱ्यांच्या देखत आणि ठरलेल्या वेळेत पूर्ण करावी लागते. फरक एवढाच की भिंतीवरचे चित्र काही वर्षे टिकते, रस्त्यावरची रांगोळी मात्र काही तासांत पुसली जाते.

पार्श्वभूमी

डोंबिवलीची स्वागतयात्रा १९९९ साली आबासाहेब पटवारी यांच्या संकल्पनेतून, श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली. डोंबिवली पूर्वेतील फडके रस्त्यावर, मंदिराच्या परिसरात, या उत्सवाचे केंद्र आहे. पुढे ठाणे, गिरगाव आदी ठिकाणीही अशा यात्रा निघू लागल्या. २०२० साली पाडवा २५ मार्च रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आला. त्या वर्षी रस्ते रिकामे राहिले आणि यात्रा निघाली नाही.

शैली व कृती

‘रांगोळी’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘रंगावली’ या शब्दात सांगितले जाते. घरगुती रांगोळी अंगठा व तर्जनीच्या चिमटीतून सोडतात. ठिपके जोडून काढलेली ती नाजूक रेघ रुंद रस्त्यावर दुरून दिसतही नाही. म्हणून येथे १९८१ साली स्थापन झालेल्या संस्कार भारती या संस्थेने रूढ केलेली, ‘भू-अलंकरण’ म्हणून ओळखली जाणारी शैली सोयीची ठरते. तिच्यात मुठीत रांगोळी घेऊन ती बोटांच्या फटींतून सोडतात, त्यामुळे हाताच्या एकाच फेऱ्यात जाड किंवा समांतर रेघा उमटतात. स्वस्तिक, शंख, कमळ, गोपद्म, सर्परेषा, शृंखला, केंद्रवर्धिनी अशी चिन्हे या शैलीची अक्षरेच म्हणता येतील. ती अवगत असलेले अनेक जण पूर्वतयारीविना एकाच आकृतीवर काम करू शकतात.

प्रथम रस्ता झाडून घेतात. धूळ राहिल्यास रंग तिच्यात मिसळून मळकट दिसतो. त्यानंतर एक जण दोरीचे टोक मध्यबिंदूवर धरतो आणि दुसरा ती ताणून खडूने वर्तुळ आखतो. आखलेल्या भागात चाळणीने रंग पसरवून त्यावर पांढऱ्या रेघा काढतात. काम मध्यापासून बाहेर सरकते. पूर्ण झालेल्या भागावर पाय पडू नये यासाठी काढणारे मागे मागे सरत जातात. पांढरी पूड शिरगोळ्याच्या दगडाची असते. कोकणात भाताची तुसे जाळूनही रांगोळी करीत असत.

डांबराचा काळा पृष्ठभाग पांढऱ्या रेषेला उठाव देतो, मात्र त्याच्या खडबडीत खळग्यांत पूड मुरते आणि ती अधिक लागते. सर्वांत मोठी अडचण वेळेची असते. वर्दळीचा रस्ता रात्री उशिरापर्यंत मोकळा होत नाही आणि सकाळी यात्रा यायची असते. शेजारून गेलेल्या एका वाहनाचा वाराही कोरडा रंग उडवण्यास पुरेसा असतो. रंग चिकटवलेला नसल्याने चूक झाल्यास तो झाडून पुन्हा टाकता येतो, ही त्यातली सोय.

स्थळानुसार विषय

कोणते चित्र कोठे काढायचे, हे ते तुडवले जाण्याची शक्यता पाहून ठरते. देवतांच्या वा थोर व्यक्तींच्या प्रतिमांवर पाय पडणे अप्रशस्त मानले जात असल्याने व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्या सहसा सभागृहात किंवा कठडे लावलेल्या जागी काढतात. ठाण्यात गावदेवी मैदानात पाडव्याला भव्य रांगोळी काढली जाते. मैदानातील अशी रांगोळी भोवती कुंपण घालून राखता येते. फडके रस्त्यावर ही सवलत नसते.

इटलीतील स्पेल्लो गावातही रात्रभर जागून रस्त्यांवर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे रचतात आणि सकाळी धार्मिक मिरवणूक त्यांवरूनच जाते. डोंबिवलीत ढोल-ताशा, लेझीम आणि चित्ररथ पुढे सरकले की रेघा विस्कटू लागतात, आणि दुपारी वाहतूक सुरू झाल्यावर डांबरावर फक्त रंगाचे फिकट पट्टे उरतात.