पेठेतली जाहिरात एजन्सी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : एजन्सीत दिवसभर भन्नाट कल्पना लढवायच्या असतात.

जाहिरात म्हटलं की लोकांना टीव्ही आठवतो. पुण्यात नारायण, सदाशिव, शनिवार पेठेत ज्या पाच-सात माणसांच्या एजन्सी आहेत, त्यांचं पोट मात्र नोटिशींवर आणि छोट्या जाहिरातींवर चालतं. वकिलांच्या जाहीर नोटिसा, सोसायट्यांच्या सभांच्या सूचना, मे-जूनमधले शाळा-कॉलेजांचे प्रवेश, शिक्षकभरती, श्रद्धांजली आणि बँकांच्या ताबा नोटिसा. या शेवटच्या प्रकाराला कायद्याचं बंधन आहे. 2002च्या सरफेसी कायद्याखालच्या नियमांनुसार बँकेनं थकबाकीदाराच्या मालमत्तेचा ताबा घेतला, की सात दिवसांत दोन प्रमुख दैनिकांत तशी नोटीस छापावी लागते आणि त्यातलं एक दैनिक स्थानिक भाषेतलं लागतं. नोटीस बहुधा इंग्रजीत येते. मराठी आम्ही करतो.

ती तपासायची रीत ठरलेली आहे. एक जण मूळ कागद मोठ्यानं वाचतो, दुसरा प्रुफावर पेन्सिल टेकवून ऐकत जातो. रक्कम एकेक आकडा सुटा करून वाचायची, मग अक्षरी रकमेशी ताडायची. त्यानंतर सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा : पूर्वेस काय, दक्षिणेस काय. नावं सगळ्यात शेवटी, पुन्हा पहिल्यापासून. हिस्सा नंबर चुकला तर ज्यानं कधी कर्ज काढलं नाही त्याच्या घरावर जप्ती आल्याचं छापून येतं. शुद्धिपत्रक नंतर येतंही, पण सकाळच्या चहाबरोबर ज्या नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी आधीची नोटीस वाचली, ते शुद्धिपत्रक शोधायला जात नाहीत. म्हणून माझ्या लेखी एजन्सीतलं सगळ्यात जोखमीचं आणि सगळ्यात मानाचं काम हेच आहे.

कल्पकतेला जागा नसते असं नाही. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत केवळ अक्षरांच्या वळणातून नाटकाचा बाज उभा केला, तोही वर्तमानपत्राच्या टीचभर जागेत. छोट्या जाहिरातीला हलकं समजणाऱ्यांनी ती अक्षरं पुन्हा नीट पाहावीत.

गैरसमज : मराठी आता कुणालाही टाइप करता येतं, त्यात एजन्सीचं काय काम?

ग्राहक व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवतो. आमच्या कोरल ड्रॉच्या जुन्या फायली श्रीलिपीत असतात (हे सॉफ्टवेअर पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं). एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षर फुटतं, अवतरणचिन्हाच्या जागी भलतंच अक्षर उमटतं. संगणकाला यात काही चुकलंय असं वाटत नाही. मुरलेला डीटीपी ऑपरेटर मात्र नुसती नजर फिरवून चूक पकडतो. बाहेरची माणसं त्याला ‘टायपिस्ट’ म्हणतात, ते मला लागतं. त्याच्या नजरेवर अख्ख्या एजन्सीची पत टिकलेली असते.

गैरसमज : पंधरा टक्के कमिशन म्हणजे बसल्या जागी पैसा.

इंडियन न्यूजपेपर सोसायटीची मान्यता असलेल्या एजन्सीला दैनिकांकडून 15 टक्के कमिशन मिळण्याची जुनी प्रथा आहे. लाखाची जाहिरात दिली की 15,000 रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण ग्राहक त्यातला वाटा सूट म्हणून आधीच मागून घेतो, आपण नाही म्हटलं तर शेजारची एजन्सी हो म्हणते. डिझाइन ‘त्यातच’ धरलेलं असतं. उरलेल्यातून भाडं, पगार, वीज.

खरी गोम उधारीत आहे. जाहिरात एजन्सीच्या रिलीज ऑर्डरवर छापली जाते, त्यामुळे दैनिकाचे पैसे मुदतीत एजन्सीनंच भरायचे, ग्राहकानं दिलेले असोत वा नसोत. जीएसटीही बिल काढलं की देणं लागतो : वृत्तपत्रातल्या जागेवर 5 टक्के, डिझाइनच्या बिलावर 18. लाखाचं एक बिल बुडालं तर एजन्सीच्या खिशातून 85,000 रुपये जातात. ते भरून काढायला पुढे साडेपाच लाखांहून अधिक रकमेच्या जाहिराती मिळवाव्या लागतात, त्याही कुणाला छदाम सूट न देता. म्हणून छोट्या एजन्सीत नवा ग्राहक आणणाऱ्याइतकाच वसुलीला जाणारा माणूस मोलाचा असतो. बिलाला छापील पानाची प्रत जोडायची, हिशेबनिसाच्या टेबलापाशी थांबायचं, चेकची तारीख घेऊनच उठायचं. हे बदलायचं असेल तर कमिशनात वाटा मागण्याची सवय ग्राहकांनी सोडावी आणि कामाची सरळ फी द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

गैरसमज : पोस्ट मोबाइलवर टाकायची असली की नियमबियम नसतात.

बिल्डरांच्या जाहिरातींपुरतं तरी हे साफ चूक. महारेराचा नोंदणी क्रमांक लागतोच. शिवाय 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाचा क्यूआर कोडही बंधनकारक आहे आणि तो नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. दंड विकासकाला होतो, पण तो एजन्सीच्या बिलातून वळता करण्याची भाषा लगेच सुरू होते. पितृपक्षात सामसूम आणि घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत झुंबड, असं या धंद्याचं पंचांग आहे. त्या झुंबडीत दर आणि ऑफर रात्री उशिरा बदलून येतात. क्यूआर कोड सुटतो किंवा आक्रसून स्कॅन होईनासा होतो तो नेमका तेव्हाच.

गैरसमज : छोटी एजन्सी म्हणजे मोठीत जायची पायरी, तिथे शिकायला फारसं नसतं.

या धंद्याची मराठी माणसाकडून झालेली सुरुवात छोट्या जागेतलीच आहे. गिरगावातली बी. दत्ताराम अँड कंपनी 1905 सालची, देशातल्या सर्वांत जुन्या जाहिरातसंस्थांत तिची गणना होते. किर्लोस्करवाडीत 1920 साली शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, ते कारखान्याच्या प्रसिद्धीसाठी. त्याच अंकातून पुढे मराठीतलं एक नावाजलेलं मासिक घडलं.

मोठ्या कंपनीत कॉपी लिहिणाऱ्याला ग्राहकाचं दुकान सहसा बघायला मिळत नाही. इथे तोच मुलगा लक्ष्मी रोडवरच्या दुकानात जाऊन साड्यांचे भाव लिहून आणतो, मजकूर करतो, प्रूफ वाचतो, मालकांच्या दोन मुलांची दोन मतं ऐकून घेतो, आणि जाहिरात आलेल्या रविवारी दुपारी गिऱ्हाईक वाढलं का ते फोनवर विचारतो. मात्र सुरुवातीचा पगार कमी असतो, दसरा-दिवाळीत रजा मिळत नाही आणि ग्राहकाचे पैसे अडकले की पगारही चार दिवस लांबू शकतो. या तिन्ही गोष्टी मालकानं मुलाखतीच्या वेळीच स्पष्ट सांगायला हव्यात.