वर्दी उतरवताना लाइफ कोच निवडायचा तर

कोलकात्याचा फोर्ट विल्यम हे लष्कराच्या पूर्व कमांडचं मुख्यालय. सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून त्याचं नाव आता विजय दुर्ग ठेवलं आहे. तिथे पोस्टिंग असलेल्या मराठी माणसावरही एक दिवस वर्दी उतरवण्याची वेळ येते. जवानाला 15 वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते, त्यामुळे अनेकजण ऐन पस्तिशी-चाळिशीत माजी सैनिक होतात. उठायचं कधी, राहायचं कुठे, रजा किती, हे तोवर हुकमानं ठरत आलेलं असतं. पुढचं सगळं स्वतः ठरवायचं असतं. नेमक्या याच काळात लाइफ कोचच्या जाहिराती मोबाइलवर खुणावतात. चांगला कोच खरंच उपयोगी पडतो. फक्त तो पारखून घ्यायला हवा.

कोच करतो काय?

या पद्धतीची मुळं खेळाच्या मैदानात आहेत. टिमथी गॅलवे या टेनिस प्रशिक्षकानं 1974 साली पुस्तक लिहून मांडलं की, खेळाडूला सूचनांपेक्षा स्वतःच्या खेळाकडे नीट बघण्याची जास्त गरज असते. पुढे जॉन व्हिटमोर यांनी हा विचार कामाच्या जगात नेला. त्यांच्या पुस्तकामुळे चार प्रश्नांची चौकट सर्वत्र पोचली: हवंय काय, आज स्थिती काय, वाटा कोणत्या, आणि यातलं नक्की काय करणार? बहुतेक कोच आजही याच क्रमानं जातात. एक बैठक साधारण तासाभराची, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर. प्रश्न कोच विचारतो, उत्तरं तुम्ही शोधता, आणि पुढच्या बैठकीपर्यंत ठरलेलं काम करता.

आधी आपली अडचण ओळखा

नोकरी किंवा नवं कौशल्य हवं असेल, तर कोचला पैसे देण्याआधी संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम बघा. गावी परतल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते काम डॉक्टरांचं आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) 1 डिसेंबर 2023 पासून या हेल्पलाइनचा वेगळा कक्षही आहे. निवृत्तीची रक्कम कुठे गुंतवायची, हे सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा. शेती की व्यवसाय, गाव की शहर, इतक्या वर्षांनी बायको-मुलांसोबत रोजचं जगणं कसं बसवायचं, अशा गुंत्यांसाठी मात्र कोच योग्य.

पारख कशी करायची?

भारतात लाइफ कोच होण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून प्रशिक्षणाची चौकशी करा. 1995 साली स्थापन झालेली आयसीएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था तीन पातळ्यांची प्रमाणपत्रं देते. एसीसीसाठी कोचिंगचा किमान 100 तासांचा अनुभव लागतो, पीसीसीसाठी 500 आणि एमसीसीसाठी 2,500. कोचचं नाव संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतं.

प्रमाणपत्रावरून शिक्षण कळतं, सूर जुळेल की नाही ते कळत नाही. त्यासाठी दोन-तीन जणांशी बोला. पहिलं बोलणं अनेकजण फुकट करतात. त्यांना विचारा: माझ्यासारख्या कुणासोबत काम केलंय का? माझी अडचण तुमच्या आवाक्याबाहेरची निघाली तर काय कराल? बोलताना तो ऐकतो किती, हेही बघा. मनातलं अडखळत न सांगता येईल, अशाच भाषेत बैठका घ्या. अजून सेवेत असाल तर पलटण, हालचाली, नेमणुका यांतलं काहीही कोचपाशी बोलू नका.

पैसे देण्याआधी

सगळं लेखी घ्या: बैठका किती, फी किती, रद्द केल्यास पैसे परत मिळणार का, आणि गोपनीयता कुठवर पाळली जाईल. सुरुवातीला तीनच बैठकांचे पैसे द्या. ‘आजच भरा, निम्मी सूट’ म्हणणारा, यशाची हमी देणारा, एखादी योजना किंवा औषध गळ्यात मारणारा कोच टाळा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

प्रत्येक बैठकीत ठरलेलं एका वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या बैठकीनंतर ती वही उघडा आणि तिच्यात लिहिलेले निर्णय कुणाचे आहेत ते तपासा. वर्षानुवर्षं हुकूम पाळलेल्या माणसाला नवा हुकूम देणारा सहज आवडतो, आणि धोका तिथेच आहे. निर्णय कोचचे असतील तर तिथेच थांबा. निर्णय तुमचे असतील आणि त्यांतला एखादा तुम्ही अमलातही आणला असेल, तर पुढच्या बैठकांचे पैसे खुशाल द्या.