हिमाच्या उतारावर

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील मुलांस बर्फ ठाऊक असतो, तो बहुधा जत्रेतील गोळ्यापुरता. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाणा शहरी हिवाळ्यात चांगलीच थंडी पडते. परंतु हिम मात्र पडत नाही. आकाशातून पिंजलेल्या कापसासारखे हलकेच उतरणारे आणि सारी भूमी शुभ्र करून टाकणारे हिम पाहावयाचे असेल, तर हिमालयाकडेच गेले पाहिजे. त्या हिमावरून घसरत जाण्याचा जो खेळ आहे, त्यास ‘स्की’चा खेळ म्हणतात. सहकुटुंब या खेळासाठी जावयाचे असेल, तर कोणती सिद्धता करावी, याचा येथे विचार करू.

‘स्की’ हा शब्द उत्तर युरोपातील आहे. चिरलेले लाकूड असा त्याचा मूळ अर्थ. नॉर्वेसारख्या देशांत पूर्वी लोक लांब फळ्या पायांस बांधून हिमावरून प्रवास करीत. असे का करावे लागे? पावसाळ्यात पूर्णेकाठच्या काळ्या रानातून चालताना पाय चिखलात रुततो. परंतु चिखलावर फळी टाकली, तर तिच्यावरून सहज पलीकडे जाता येते. शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो, हेच याचे कारण. ताज्या हिमाचेही तसेच आहे. पुढे या प्रवासाच्या साधनाचाच खेळ झाला. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा त्यांत स्कीच्या शर्यतींचा समावेश होता.

उतारावरून खाली येणे सोपे. थांबणे मात्र कठीण! म्हणून नवशिक्यास प्रथम थांबावयासच शिकवितात. पायांतील दोन्ही पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवली, म्हणजे बाणाच्या टोकासारखा आकार होतो. पट्ट्यांच्या आतील कडा हिमात रुततात आणि वेग मंदावतो. त्यानंतर वळणे घेण्याचा अभ्यास होतो. मलकापूरहून बुलढाण्यास येताना राजूर घाटाचा रस्ता वळणे घेत घेत चढतो, हे तुम्ही पाहिले असेल. रस्ता सरळ वर नेला असता, तर तो फारच उभा झाला असता. स्की खेळणाराही असाच आडवीतिडवी वळणे घेत उतरतो आणि उभा उतार स्वतःपुरता सौम्य करून घेतो.

आपल्या देशात या खेळासाठी काश्मीरमधील गुलमर्ग हे स्थान विशेष प्रसिद्ध आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथे १९२७ साली स्की खेळणाऱ्यांचे मंडळ स्थापन झाले. आज तेथे स्की व गिर्यारोहण यांचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. याच परिसरात लहानाचा मोठा झालेला आरिफ खान हा खेळाडू २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव प्रतिनिधी होता.

सहलीचा काळ जानेवारी ते मार्चचा आरंभ असा धरावा. तथापि हिम हे पंचांग पाहून पडत नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे कित्येक दिवस कोरडीच होती. २०२५ मध्ये तर हिमाच्या अभावी तेथील राष्ट्रीय हिवाळी क्रीडास्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून निघण्यापूर्वी हवामानाची व प्रशासनाच्या सूचनांची चौकशी करावी आणि हाताशी दोन-तीन दिवस अधिक ठेवावेत. आपल्याकडून जाणाऱ्यांनी भुसावळला उत्तरेकडील गाडी धरावी आणि दिल्लीवरून जम्मूकडे जावे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर असा लोहमार्गही खुला झाला आहे. श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर आहे. तंगमर्गपासून पुढचा चढाचा रस्ता हिमाने निसरडा होतो. म्हणून तेथे मोटारींच्या चाकांस साखळ्या लावतात. गुलमर्गला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीनचतुर्थांशच असतो. त्यामुळे थोड्या श्रमानेही धाप लागते. पहिला दिवस विश्रांतीस द्यावा, हे उत्तम.

आता कुटुंबाचा विचार करू. समजा, मामा व थोरली ताई पूर्वी एकदा जाऊन आली आहेत आणि त्यांस वळणे घेता येतात. आई, बाबा आणि धाकटा भाऊ अगदी नवशिके आहेत. अशा वेळी सर्वांनी एकाच उतारावर जाण्याचा हट्ट धरू नये. नवशिक्यांनी पायथ्याच्या सौम्य कुरणांवर शिक्षकाच्या देखरेखीखाली निदान तीन-चार दिवस शिकावे. मामा व ताई यांनी रज्जुमार्गाच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे कोंगडोरीपर्यंत, जाऊन तेथून उतरण्यास हरकत नाही. रज्जुमार्गाचा दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला. तो अफरवट पर्वतावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेतो. परंतु तेथील उतार केवळ निष्णातांसाठीच आहेत. दुपारी कोठे व किती वाजता भेटावयाचे, हे सकाळीच ठरवावे. आजीने स्की खेळण्याची गरज नाही. तिने उन्हात बसून नातवाची पहिली वळणे पाहिली, तरी सहलीत तिचा वाटा झालाच.

वस्त्रांविषयी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. आपला जिल्हा कापूस पिकविणारा. खामगावची कापसाची बाजारपेठ नावाजलेली. तरीही हिमावर सुती वस्त्र अंगालगत घालू नये. सूत घाम शोषून ओले राहते आणि ओले वस्त्र शरीराची ऊब हरण करते. लोकर ओली झाली, तरी काही ऊब राखते. म्हणून आत लोकरीचे, मध्ये जाड उबेचे आणि बाहेर वारा व पाणी अडविणारे, असे तीन पदर असावेत. हातमोजे, शिरस्त्राण आणि काळा चष्मा हवेतच. कारण हिमावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांस इजा करते. पट्ट्या, काठ्या व बूट तेथे भाड्याने मिळतात. बूट घट्ट बसतात की नाही आणि पडल्यावर पट्टी पायातून सुटते की नाही, हे तपासून घ्यावे. घरून निघण्यापूर्वी महिनाभर रोज बैठका काढल्या, तर मांड्या बळकट होतात.

या खेळाचेही नियम आहेत. वरून येणाऱ्याने खालच्यास सांभाळावे, कारण खालच्याच्या पाठीस डोळे नसतात. थांबावयाचे झाल्यास वाटेच्या कडेला थांबावे. आखलेली वाट सोडून जाऊ नये. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटच्या उतारावर हिमाचा कडा कोसळून दोन परदेशी स्कीपटू मृत्यू पावले. ते काही नवशिके नव्हते. पण पर्वत कोणाचे कौशल्य पाहून थांबत नाही.

वर नेणारा रज्जुमार्ग सर्वांस सारखाच वर नेतो. खाली आणणारे कौशल्य मात्र प्रत्येकाचे स्वतःचे असते. म्हणूनच धाकट्याने ‘मला भीती वाटते’ असे म्हटले, तर त्यास हसू नये, आणि ‘चल, काही होत नाही’ असे म्हणून ओढूनही नेऊ नये. जो सर्वांत कच्चा, त्याच्या पावलांवरून कुटुंबाची वाट ठरावी. थोडे थांबून सर्वांस बरोबर नेणे, हे घाटात, नदीत आणि हिमावरही शहाणपणाचेच लक्षण होय.