गारगोटीच्या अंगात काय आहे

रात्री वीज गेली की अंगणातल्या दोन पांढऱ्या गारगोट्या घ्यायच्या, पांघरुणात शिरायचे आणि त्या एकमेकींवर जोरात घासायच्या, हा खेळ खेड्यात वाढलेल्या अनेकांना आठवत असेल. दगडाच्या पोटात मंद नारिंगी उजेड पसरतो आणि नाकाला जळकट वास येतो. चकमक झाडताना कापसावर पडणारी ठिणगी खरे तर पोलादाची असते. गारगोटीने खरवडून काढलेला तो पोलादाचा जळता कण. पांघरुणातला उजेड मात्र दगडाचा स्वतःचा.

गारगोटी म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, एवढेच. भूशास्त्रात तिला क्वार्ट्झ म्हणतात. आपल्या महाराष्ट्राच्या पायाखाली तिची एक वेगळीच पैदास आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि कातळात पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांतून सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले. कुठे त्याचे पट्ट्यापट्ट्यांचे अकीक झाले, कुठे टोकदार स्फटिक, कुठे जांभळा अॅमेथिस्ट. विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत असा गोटा फुटला की आतली चकाकी पाहून लोक थबकतात. अकीकातही क्वार्ट्झच असते, पण त्याचे स्फटिक इतके बारीक की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत.

या दगडाचा सर्वांत मोठा चमत्कार १८८० साली पॅरिसमध्ये दोन भावांनी दाखवला. थोरला जाक क्युरी खनिजशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होता, धाकटा प्येर एकवीस वर्षांचा, भौतिकशास्त्रातला. स्फटिकाची रचना कोणत्या दिशेने कशी आहे हे जाकला ठाऊक. त्या रचनेच्या सममितीतून काय निष्पन्न व्हायला हवे याचा विचार प्येरचा. क्वार्ट्झमधले अणू अशा रीतीने बसलेले असतात की त्यांच्या मांडणीला सममितीचा मध्यबिंदू नसतो. त्यामुळे योग्य दिशेने दाब दिला की धन आणि ऋण भारांचे मध्य एकमेकांपासून सरकतात आणि स्फटिकाच्या दोन बाजूंवर विद्युतभार उमटतो. यालाच दाबविद्युत म्हणतात. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी गणिताने सांगितले की उलटेही घडले पाहिजे, वीज दिली तर स्फटिकाचा आकार बदलला पाहिजे. भावांनी तेही करून दाखवले.

हा शोध बराच काळ प्रयोगशाळेतच राहिला, पण तिथे त्याने एक फार मोठे काम केले. १८९८ मध्ये मेरी क्युरी युरेनियमच्या किरणांनी हवेत निर्माण होणारा अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजत होत्या. त्यांच्या उपकरणात क्वार्ट्झची एक पातळ पट्टी टांगलेली असे. पट्टीला वजन लावले की ठराविक विद्युतभार निर्माण होई. नमुन्याकडून येणारा भार त्याने नेमका खोडून निघेपर्यंत त्या हाताने वजनाचा ताण सांभाळत आणि किती वेळ लागला ते घड्याळात पाहत. बोहेमियातल्या खाणीतून आलेले पिचब्लेंड नावाचे खनिज त्यांनी असे मोजले, तर त्यातल्या युरेनियमच्या मानाने प्रवाह फारच जास्त निघाला. खनिजात आणखी काहीतरी दडले होते. पोलोनियम आणि रेडियमकडे जाणारी वाट अशी गारगोटीच्या पट्टीवरून गेली. रेडियमच्या गोष्टी आपण शाळेत वाचतो, पण या पट्टीचे नाव कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्याची निकड आली. प्येर यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हाँ यांनी १९१७ मध्ये क्वार्ट्झच्या चकत्या दोन पोलादी पत्र्यांमध्ये बसवल्या आणि विजेने थरथरवून पाण्यात कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडला. तोच क्वार्ट्झ परतणारा प्रतिध्वनीही टिपत होता. पुढे हेच तंत्र कारखान्यांत आले. धातूच्या जाड पत्र्यात किंवा वेल्डिंगमध्ये आत चीर असली तर प्रतिध्वनी ती दाखवून देई.

१९५५ मध्ये ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी जे केले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोकळ्या मनाचे पाऊल वाटते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून ते रेनफ्र्यू इथल्या बॉयलरच्या कारखान्यात गेले. तिथे बॉयलरच्या चिरा शोधणारे यंत्र त्यांनी त्या गाठींना लावून पाहिले. तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडाही होता. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे तिथेच दिसले. पुढे तरुण अभियंता टॉम ब्राऊन आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकर यांच्यासोबत त्यांनी यंत्र सुधारले आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या रुग्णांपैकी एका बाईंना शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग आहे असे निदान झाले होते. प्रतिध्वनीत ती अंडाशयाची पाण्याची गाठ निघाली, काढता आली आणि त्या वाचल्या.

आपल्याकडच्या सोनोग्राफी केंद्रातल्या प्रोबमध्ये आज क्वार्ट्झ नसतो. शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या संयुगांची भुकटी दाबून, भट्टीत भाजून केलेली सिरॅमिक असते. गुण तोच, पण कितीतरी जोरकस. याच यंत्राचा गर्भातल्या मुलींविरुद्धही वापर झाला. गर्भलिंगनिदानाच्या अशा गैरवापराविरुद्ध १९८८ मध्ये कायदा करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते.

खुद्द क्वार्ट्झने मात्र घड्याळ धरले. मनगटी घड्याळात चिमट्याच्या आकाराचा एक इवलासा क्वार्ट्झ असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणून तो निवडलेला. पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सेइकोने १९६९ च्या नाताळात विक्रीला आणले. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात रेडिओसंचांसाठी निर्दोष स्फटिकांची मागणी प्रचंड वाढली आणि ब्राझीलच्या खाणींवर जवळजवळ सगळी भिस्त होती. मग माणसाने क्वार्ट्झ पिकवायला सुरुवात केली. जाड पोलादी भांड्यात, साडेतीनशे अंशांच्या आसपास, प्रचंड दाबाखाली, क्षारयुक्त पाण्यात गारगोटीचे तुकडे विरघळतात आणि वर टांगलेल्या बीजस्फटिकावर हळूहळू जमतात. निसर्गाने कातळात केले तेच इथे काही आठवड्यांत होते.

आता अकीक घडवणाऱ्या, गुजरातमधल्या खंबातकडे. ‘पेरिप्लस’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांत भरून भरुच बंदरात येत असल्याची नोंद आहे. त्या प्रदेशातला हा व्यवसाय खंबातमध्ये आजही चालतो. रतनपूरच्या खाणीतला दगड उन्हात वाळवतात, मडक्यात ठेवून शेणीच्या विस्तवात भाजतात. त्याने आतल्या लोहाचे रूप बदलते आणि पिवळट दगड लाल होतो. मग कारागीर जमिनीत रोवलेल्या टोकदार लोखंडी सळईवर दगड टेकवतो आणि दुसऱ्या बाजूने शिंगाच्या हातोडीने ठोकतो. ढलपी सळईच्या बाजूने उडते. हडप्पाचे लांब लाल मणी कसे घडले हे समजून घेण्यासाठी पुरातत्त्वज्ञ मार्क केनोयर, मास्सिमो विदाले आणि बडोद्याचे कुलदीप भान इथेच येऊन बसले. फ्रेंच संशोधकांनी तर हातोडीला त्वरणमापक बांधला. दगडाऐवजी काच दिली, तेव्हा मुरलेल्या कारागिरांनी घावाचा जोर त्या नव्या वस्तूला साजेसा बदलला. कमी सरावाच्या हातांना ते तितके साधले नाही. हे ज्ञान कुठल्याच पुस्तकात नव्हते. शिवाय खंबातला घडलेले अकीकाचे खलबत्ते प्रयोगशाळांत नमुने कुटायला वापरतात, म्हणजे भूशास्त्रज्ञाचे कामही या हातांवर चालते.

आणि याच हातांच्या मालकांची फुप्फुसे दगड होतात. अकीक घासताना उडणारी सिलिकाची धूळ इतकी बारीक असते की श्वासाबरोबर थेट खोल वायुकोशांत पोचते. शरीराला ती विरघळवता येत नाही; तिच्याभोवती गाठी धरतात, फुप्फुस ताठरते, दम लागतो. हा सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही आणि क्षयरोगाची शक्यता त्याने वाढते. अनेकदा क्षय समजूनच उपचार होत राहतात. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या जागी श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला कर्करोगकारक ठरवले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबातच्या कारागिरांच्या तपासण्या केल्या आहेत. घासकाम अनेकदा घरातच चालते, त्यामुळे स्वयंपाक करणारी बाई आणि रांगणारे मूलही तीच हवा घेते, आणि कारखान्यांचा कायदा त्या उंबरठ्यापर्यंत पोचत नाही.

उपाय साधे आहेत. घासणीवर पाण्याची धार सोडायची, धूळ उगमापाशीच ओढून घेणारा पंखा लावायचा, घासकाम राहत्या घराबाहेर न्यायचे, वर्षाकाठी छातीचा एक्स-रे काढायचा. खर्च मण्याच्या दरात धरावा लागेल, आणि तो व्यापाऱ्याने आणि आपण गिऱ्हाइकांनी द्यायचा आहे. आपल्याकडे खडी केंद्रांवर आणि दगडखाणींत राबणाऱ्यांच्या छातीतही हीच धूळ जाते. तिथे पाणी मारले जाते का, एवढे तरी जाता-येता विचारायला हवे.