वर्डप्रेसच्या तयार थीमला मराठी रूप द्या

समजा, केंदूरमध्ये तुमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ६.७ आवृत्तीबरोबर 'ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह' ही डीफॉल्ट थीम आली. दिसायला छान, पण तिच्या 'मॅनरोप' फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत! त्यामुळे तुमचा मराठी मजकूर ज्याच्या-त्याच्या मोबाइलमधल्या फॉन्टमध्ये दिसतो, आणि शेजारचं इंग्रजी वेगळंच वाटतं.

उपाय फुकट आहे:

१. आधी बॅकअप घ्या.
२. अपिअरन्स, एडिटर, स्टाइल्स, टायपोग्राफी असं जा. फॉन्ट लायब्ररीतल्या गूगल फॉन्ट्समधून 'मुक्ता' इन्स्टॉल करा. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेल्या या फॉन्टमध्ये देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आहेत.
३. मजकूर आणि हेडिंग, दोन्हीला तोच लावा. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, म्हणजे उकार-वेलांट्या एकमेकांना भिडणार नाहीत.
४. रंग दुकानाच्या पाटीचाच ठेवा. गिऱ्हाईक लगेच ओळखतं.

थीमच्या फाइलींना मात्र हात लावू नका. पुढच्या अपडेटला ते बदल पुसले जातात. एडिटरमधले बदल डेटाबेसमध्ये राहतात, म्हणून टिकतात.

शेवटी साध्या फोनवर साइट उघडा. भाव आणि फोन नंबर चटकन वाचता आला, की काम झालं!