सुरतेचे मकबरे आणि तिरपे ऊन

मराठी माणसाला सुरत म्हटली की १६६४ सालचा जानेवारी आठवतो. महाराजांचे घोडेस्वार शहरात शिरले असता इंग्रजांची वखार ज्याने राखली, तो तेथला प्रेसिडेंट सर जॉर्ज ऑक्झिंडेन. हा गृहस्थ १६६९ साली सुरतेतच वारला. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी कबरस्तानात त्याचे थडगे अद्याप उभे आहे. थडगे कसले, मकबराच तो! सुमारे चाळीस फूट उंच, जाडजूड खांब, आणि एकावर एक असे दोन घुमट. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर त्याच्या दहा वर्षे आधी, १६५९ साली वारला, तोही येथेच. त्याचा मृत्युलेख लॅटिनमध्ये असून चक्क जमाखर्चाच्या भाषेत आहे. वखारीतल्या माणसास ते शोभते. याच घराण्यातला हेन्री ऑक्झिंडेन १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकास हजर होता. ते नाव आपल्या वाचकांच्या अधिक परिचयाचे असेल. जवळच डचांचे कबरस्तान आहे. तेथे १६९१ साली वारलेल्या व्हान रीडचा मकबरा आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ याच्याच पुढाकाराने निघाला.

गाण्याच्या शिकवणीनिमित्त माझे सुरतेला जाणे-येणे असते. शिकवणी आटोपली की कॅमेरा घेऊन मी या बाजूला वळतो, आणि एखाद-दुसरा विद्यार्थी मोबाईल घेऊन बरोबर येतो. त्यांची चित्रे बहुधा एकाच तऱ्हेची निघतात. आकाश पांढरेफटक, कमानीच्या जागी काळे भोक, आणि घुमट मागे कलंडलेला. “गुरुजी, मोबाईल तर महागाचा आहे, मग असे का?” हा प्रश्न ठरलेला.

दोष मोबाईलचा नसतो. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर चुन्याचा घुमट आहे की काळा दगड, हे जाणत नाही. तो सगळ्यांना मध्यम करड्या रंगाचे समजतो. प्रत्येक गवयाला काळी एकच्या पट्टीतच बसवणारा पेटीवाला असावा, तसा हा प्रकार. त्यामुळे पांढरा घुमट मळकट येतो, आणि अंधारी कमान चौकटीत मोठी असली की ती उजळण्याच्या नादात आकाश करपते. जुन्या छायाचित्रकारांचा तोडगा सोपा होता: वस्तू मोजू नका, ऊन मोजा. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० असेल तर छिद्र एफ-१६ आणि वेग सेकंदाचा सव्वाशेवा भाग. छिद्र एफ-८ केले तर वेग पाचशेवा भाग. या हिशेबाने पांढरे पांढरेच येते. मोबाईलवर उजळ भागावर बोट दाबून धरावे आणि शेजारची सूर्याची खूण जराशी खाली ओढावी.

कमानीच्या आतला उजेड बाहेरच्या उन्हाच्या निदान सोळा पट कमी असतो. म्हणून बाहेरचे चित्र आणि आतले चित्र वेगवेगळे घ्यावे, हे माझे मत. हल्लीचे मोबाईल दोन्ही एकात बसवून देतात खरे, पण त्यात सगळेच स्वर सारख्या जोराने लागल्यासारखे वाटते. सावली ही सावली राहिली पाहिजे.

वडील दरबारी गवई होते. बैठकीत गातानाचे त्यांचे एकच छायाचित्र आमच्या घरी आहे. ते खिडकीकडे पाठ करून बसले आहेत आणि मागून भरपूर उजेड येत आहे. खिडकीचे गज उत्तम आले आहेत, तंबोऱ्याची कडही चमकते. चेहरा मात्र काळा. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका नाही, तेव्हा जे आहे ते एवढेच. छायाचित्रकार दोन पावले डावीकडे सरकता तर गालावर तरी उजेड दिसता.

कलंडणाऱ्या घुमटाचे कारण तर साधे आहे. आपण जवळ उभे राहून कॅमेरा वर उचलतो, म्हणून उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. मागे सरावे, कॅमेरा सरळ धरावा, खाली जास्तीची जमीन आली तर येऊ द्यावी. ती नंतर कापता येते. पायरीशी एखादे माणूस उभे केले की चाळीस फूट म्हणजे काय ते कळते. भोवतालच्या इमारती आणि विजेच्या तारा चौकटीबाहेर ठेवण्याचा अट्टहास मला पटत नाही. सुरत आज तशीच आहे.

खरी कसोटी आहे ती लहान कबरींपाशी. मकबरे पाहायला लोक येतात. जमिनीलगतच्या झिजलेल्या फरशा कोणी पाहत नाही. त्यांवरची अक्षरे दर पावसाळ्यात थोडी थोडी जात आहेत. मागच्या डिसेंबरात अशाच एका फरशीपाशी एक विद्यार्थिनी म्हणाली, “गुरुजी, यावर काहीच नाही.” बरोबरच होते. दुपारच्या वरून पडणाऱ्या उन्हात उथळ अक्षराला सावलीच नसते, आणि सावली नाही तर अक्षर नाही. सुरतेत घड्याळाच्या बारानंतर सरासरी एकोणचाळीस मिनिटांनी सूर्य मध्यावर येतो. मेच्या अखेरीस तो अगदी डोक्यावर असतो. डिसेंबरात मात्र पंचेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. आडव्या फरशीसाठी तेवढेही ऊन उभेच म्हणायचे. एक तर सकाळी लवकर यावे, नाहीतर घरचा आरसा आणावा.

आरसा आम्ही आणला होता. फरशीपासून तीनेक हातांवर, जमिनीलगत, तिला आरसा धरून बसवले. फरशी झाडाच्या सावलीत होती, हे सोयीचेच. आरशातला उन्हाचा पट्टा दगडाला जवळजवळ घासत जाऊ लागला, आणि कोऱ्या दगडावर आधी एक, मग सात, मग एका नावाचे पहिले अक्षर उमटले. “थांबा, हलू नका,” असे ती मलाच सांगू लागली! आरसा डावीकडून धरला तेव्हा उभे फराटे दिसले, आडवे नाहीत; कारण उजेड ज्या दिशेने जातो त्या दिशेचा फराटा बुडतो. म्हणून दुसऱ्यांदा आरसा फरशीच्या डोक्याकडून धरला. कॅमेरा दोन्ही वेळा एकाच जागी, बरोबर वरून, शेजारी फूटपट्टी ठेवून. अक्षरांत खडू भरण्याची खोड काहींना असते. ती कटाक्षाने टाळावी, दगड खराब होतो. आणि ही स्मारके पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असल्याने ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी विचारावी.

बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६७ पासून गुजरातच्या खेड्यांत हिंडून मातीच्या भिंतींवर बायकांनी काढलेली चित्रे कॅमेऱ्यात टिपली. त्यांतल्या कित्येक भिंती पुढे सारवल्या गेल्या किंवा पडल्या. चित्रे उरली ती त्या छायाचित्रांत. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कबरींच्या फरशांना असा कोणी माणूस अजून भेटायचा आहे. काम मोठे नाही: एक आरसा, एक फूटपट्टी, आणि वहीत तारीख, वेळ व उजेडाची दिशा.

त्या फरशीवरचे सालाचे शेवटचे दोन आकडे आम्हाला लागले नाहीत. आरसा उजव्या अंगाने धरून पाहायचा राहिला आहे. जानेवारीत सकाळी साडेआठला पुन्हा जायचे ठरले आहे. फरशीवर शेवाळ धरण्याआधी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी, जमेल तेवढ्या ओळी उतरवून घ्यायच्या आहेत.